संगणकाला दिलेली चिठ्ठी

किराणा दुकानात चिठ्ठी पाठवून सामान मागवण्याची पद्धत आपल्या गावांतून अजून पुरती गेलेली नाही. चिठ्ठीच्या डोक्यावर घरधन्याचे नाव, खाली एकेक जिन्नस आणि त्यापुढे वजन. दुकानदार चिठ्ठ्या तारेत खोवून ठेवतो आणि नोकर एकेक वाचून पुड्या बांधतो. आता चिठ्ठीवर ‘साखर’ लिहिले आणि किती ते लिहायचे राहून गेले तर काय होईल? शहाणा नोकर परत विचारून येईल. अर्धवट शहाणा आपल्या अंदाजाने किलोभर बांधून देईल. आणि एखादा महाभाग तारेतल्या पुढच्या चिठ्ठीकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीकडे, नजर टाकील आणि तिथे जे पहिले वजन दिसेल तेच आपले समजेल.

संगणक या तिघांपैकी कोण? आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याला जसा घडवला असेल तो. पण सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला मुद्दाम शहाणे केले नाही, तर ती बहुतेक वेळा तिसऱ्या नोकरासारखी वागते. या एका खोडीमुळे २०२२ साली जगभरच्या लिनक्स यंत्रांच्या चालकांची झोप उडाली होती. ती हकीकत पुढे येईलच. आधी आपण घरच्याच अंगणात एक लहानशी आज्ञावली लिहून पाहू.

समजा, चिखलीच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याने बुलढाणा जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घेतल्या आहेत. जिल्ह्यात तालुके १३. सहा घाटावरचे, सात घाटाखालचे. पाऊसमानही सगळीकडे सारखे नाही. कोणत्या तालुक्यात गेल्या इतक्या दिवसांत सरासरी किती पाऊस पडला, हे सांगणारी आज्ञावली त्याला लिहायची आहे. तिचे नाव त्याने ठेवले ‘पाऊस’. खिडक्या आणि बटणे काढण्याच्या फंदात तो पडला नाही. काळ्या पडद्यावर तो एक ओळ टंकित करतो:

पाऊस -टी चिखली -डी १५

टी म्हणजे तालुका, डी म्हणजे दिवस. (ही अक्षरे आणि आकडे कळफलकावर इंग्रजीच दाबायचे, इथे फक्त त्यांचे उच्चार छापले आहेत. तालुक्याचे नावही तो तूर्त इंग्रजी अक्षरांतच लिहितो.) आडवी रेघ आणि तिच्यामागचे अक्षर मिळून झाला ‘पर्याय’, आणि पर्यायापुढे जे लिहिले ते त्या पर्यायाचे ‘मूल्य’. हीच आपली चिठ्ठी.

ही ओळ प्रथम वाचतो तो ‘शेल’ नावाचा मध्यस्थ. तो मोकळ्या जागा पाहून ओळीचे तुकडे पाडतो आणि ते तुकडे आज्ञावलीच्या हाती देतो. सी भाषेतली आज्ञावली ‘मेन’ या फंक्शनपासून सुरू होते, आणि मेनला दोन गोष्टी मिळतात. पहिली ‘आर्गसी’, म्हणजे तुकडे किती याची संख्या. दुसरी ‘आर्गव्ही’, म्हणजे त्या तुकड्यांचे पत्ते ओळीने मांडलेली यादी. आपल्या ओळीत तुकडे पाच. मोजणी शून्यापासून होते, म्हणून शून्याव्या जागी आज्ञावलीचे स्वतःचे नाव ‘पाऊस’, पहिल्या जागी ‘-टी’, दुसऱ्या जागी ‘चिखली’, आणि चौथ्या जागी ‘१५’. पाचव्या जागी कोणताच पत्ता नसतो. तिथे ‘नल’ ही रिकामी खूण असते. यादी संपली, यापुढे जाऊ नका, असे सांगणारा तो मैलाचा दगड.

दगड आहे, कुंपण नाही. सी भाषेचा सारा स्वभाव या एका वाक्यात आला. ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती इवलीशी आणि वेगही बेताचा. प्रत्येक पावलाला ‘तुम्ही हद्दीत आहात ना?’ असे विचारत बसणे परवडणारे नव्हते. ती चौकशी लिहिणाऱ्याने करायची, असा करार झाला आणि तो आजही चालू आहे.

आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या प्रयत्नात असे लिहिले: यादीतला एकेक तुकडा पाहा, तो ‘-डी’ असेल तर पुढचा तुकडा उचला आणि ‘एटूआय’ या तयार फंक्शनला देऊन त्याची संख्या करा. चालले. पंधरा दिवसांची सरासरी आली. शाबासकीही मिळाली असेल. मग वर्गातल्या दुसऱ्या मुलाने घाईत ‘पाऊस -टी चिखली -डी’ एवढेच लिहून एंटर दाबले. ‘-डी’ च्या पुढचा तुकडा म्हणजे तो नल. एटूआयने त्या नसलेल्या पत्त्यावर जाऊन वाचायचा प्रयत्न केला आणि कार्यप्रणालीने आज्ञावली तिथल्या तिथे बंद पाडली. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द. त्यातून वापरणाऱ्याला काय बोध होणार?

बंद पडणे हा त्यातल्या त्यात बरा शेवट, कारण चूक निदान दिसली. एटूआयच्या न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट. त्याला ‘पंधरा’ असा शब्द दिला तर तो शून्य सांगतो. देवनागरी आकड्यांत १५ लिहून दिले तरी शून्यच सांगतो, कारण त्याला इंग्रजी आकडेच ओळखता येतात. मग पावसाच्या बेरजेला शून्याने भागायचा प्रसंग येतो. दहा लिहिताना शून्याऐवजी चुकून इंग्रजी ‘ओ’ अक्षर दाबले गेले तर एटूआय ‘एक’ एवढेच उचलतो आणि पुढच्या अक्षराबद्दल चकार शब्द काढत नाही. दहा दिवसांची म्हणून एका दिवसाची सरासरी छापली जाते आणि ती कोणी तपासूनही पाहत नाही. आकडा फार मोठा असला तर काय करायचे हे सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवलेलेच नाही. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर साधारणपणे १ होऊन येते. दोनचा ३२ वा घात आणि वर एक, अशी ही संख्या आहे. वरचा भाग कापला जातो आणि एक उरतो. शिक्षकांची क्षमा मागून सांगतो, एटूआय वर्गात शिकवणेच बंद करावे असे माझे मत आहे. शून्य हे खरे उत्तर आहे की ‘मला कळले नाही’ याचा पुकारा आहे, हे ज्याच्याकडून समजत नाही त्याच्यावर विसंबायचे कसे?

त्याच्या जागी ‘स्ट्रटोल’ वापरावे. हे फंक्शन संख्या तर देतेच, शिवाय वाचता वाचता आपण कोणत्या अक्षरापाशी थांबलो तेही सांगते. ते पहिल्याच अक्षरापाशी अडकले असेल तर तुकड्यात संख्याच नव्हती. मध्येच थांबले असेल तर मागे काही कचरा आहे. अगदी शेवटच्या शून्य बाइटापर्यंत गेले असेल तरच तुकडा निखळ संख्येचा. आकडा मावेनासा झाला तर ते ‘एररनो’ या जागी खूण करून ठेवते; मात्र तिथे आधीची जुनी खूण राहिलेली असू शकते, म्हणून फंक्शन बोलावण्यापूर्वी ती जागा आपण पुसून शून्य करायची. आणि एवढे झाल्यावर शेवटची कसोटी विषयाच्या ज्ञानाची असते. वर्षात दिवस ३६५ किंवा ३६६. तेव्हा १ ते ३६६ यांच्या बाहेरची संख्या यंत्रात मावली तरी पावसात मावत नाही. ही हद्द कोणत्याही ग्रंथालयातल्या फंक्शनला ठाऊक असणार नाही. ती लिहिणाऱ्यानेच घालायची.

इथे एक युक्ती हुशार मुलांना हमखास सुचते. दिवस उणे कधीच नसतात, तर मग उणे संख्या न ठेवणारा प्रकार वापरू, म्हणजे तपासणी वाचेल! त्यासाठी ‘स्ट्रटोल’चे भावंड ‘स्ट्रटूयूएल’ आहे. पण त्याला ‘उणे एक’ दिले तर ते तक्रार करत नाही. ते आनंदाने १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी संख्या परत करते, म्हणजे ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. इतक्या दिवसांच्या नोंदींसाठी स्मृती मागायला गेल्यावर काय होईल याची कल्पना करा.

आता ‘-टी’ कडे वळू. विद्यार्थ्याने तालुक्याचे नाव ठेवायला दहा बाइटांची जागा आखली आणि ‘स्ट्रकॉपी’ने त्यात नाव उतरवून घेतले. चिखली हे नाव इंग्रजीत लिहिताना सात अक्षरे लागतात, शेवटच्या शून्याचा एक बाइट धरून आठ. बुलढाणा, खामगाव, मलकापूर यांना नऊ. सगळी नावे बसली. मग कोणी संग्रामपूर लिहिले. दहा अक्षरे आणि शून्य, एकूण अकरा. स्ट्रकॉपीने अकरावा बाइट हद्दीबाहेर, शेजारच्या जागेत लिहिला. शेजारी काय होते? कदाचित काहीच नव्हते आणि आज्ञावली गुपचूप चालली. कदाचित तिथे दिवसांची संख्या होती आणि तिचा एक बाइट पुसला गेला. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि जळगाव जामोद यांना तर चौदा बाइट लागतात. म्हणजे चिखलीत बसून चिखलीचेच नाव टाकून पाहिले तर आज्ञावली निर्दोष, आणि घाट उतरून गेले की सदोष.

पुढे या मुलाला वाटले, नावे मराठीतच लिहू. उत्तम विचार! पण ‘चिखली’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसला तरी संगणकाच्या हिशेबी तो पाच चिन्हांचा आहे: च, ऱ्हस्व वेलांटी, ख, ल आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पाच त्रिक पंधरा आणि शेवटचे शून्य मिळून सोळा. जे नाव आठ बाइटांत आरामात बसत होते ते मातृभाषेत येताच दुप्पट झाले. ‘देऊळगाव राजा’ला मधल्या मोकळ्या जागेसह पस्तीस बाइट लागतात, वहीत मोजून पाहा. जाता जाता हेही सांगतो, की पर्यायाचे अक्षर ‘-ट’ असे मराठीत ठेवण्याचा मोह झाला तरी सी भाषेतले नेहमीचे साधन तो पुरवत नाही, कारण त्याच्या लेखी पर्याय म्हणजे नेमका एक बाइट.

मग जागा किती ठेवावी? शंभर? हजार? खरे उत्तर असे, की बहुतेक वेळा नक्कल करायचीच नसते. आर्गव्हीतले तुकडे आज्ञावली संपेपर्यंत स्मृतीत असतातच. त्याचा पत्ता तेवढा लक्षात ठेवावा, काम भागते. नक्कल करणे भागच असेल तर ‘एस-एन-प्रिंटएफ’ला जागेचे माप सांगून नक्कल करावी. ते मापाबाहेर पाऊल टाकत नाही आणि पूर्ण नाव लिहायला किती बाइट लागले असते तेही सांगते. सांगितलेली संख्या मापाइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर नाव कापले गेले असे समजावे आणि काम थांबवावे. कापलेले नाव चालवून घेऊ नये. जळगाव जामोदचे शेपूट कापले की उरते जळगाव, आणि तो तर खानदेशातला वेगळाच जिल्हा!

हाच घोटाळा कापाकापी न करताही होतो. शेल मोकळ्या जागेवर तुकडे पाडतो हे वर आलेच आहे. ‘पाऊस -टी जळगाव जामोद’ असे लिहिले तर ‘-टी’चे मूल्य होते ‘जळगाव’, आणि ‘जामोद’ हा तुकडा वाऱ्यावर राहतो. नाव अवतरणचिन्हांत घालायला हवे होते. वापरणारा ते विसरणारच. आज्ञावलीचे कर्तव्य एवढे, की सगळे पर्याय वाचून झाल्यावर एखादा तुकडा उरला तर तिने त्याकडे बोट दाखवून थांबावे. फारच थोड्या आज्ञावल्या हे करतात.

हे सगळे दरवेळी हाताने लिहायची गरज नाही. ‘गेटऑप्ट’ नावाचे साधन युनिक्सच्या जुन्या काळापासून आहे. एटी अँड टी कंपनीने १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली. त्याला पर्यायांची अक्षरे सांगायची आणि ज्याला मूल्य हवे त्याच्यापुढे विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबे द्यायची. मूल्य राहून गेले तर तेच कुरकुर करते. तरीही त्याला डोळे मिटून शरण जाऊ नये. ‘पाऊस -डी -टी चिखली’ असे लिहिले तर ‘-डी’ला मूल्य हवे म्हणून गेटऑप्ट सरळ पुढचा तुकडा, म्हणजे ‘-टी’च, मूल्य म्हणून उचलते. ते मूल्य संख्या आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे. जिथे मूल्य ऐच्छिक ठेवले असेल तिथे ते न मिळाल्यास नल हाती येतो, तोही आपणच पाहायचा. आणखी एक गंमत: गेटऑप्ट काम संपल्यावर उणे एक परत करते. ती खूण कित्येक मुले अक्षराच्या प्रकारात साठवतात. नेहमीच्या टेबलावरच्या संगणकावर ते खपून जाते. पण रास्पबेरी पायसारख्या आर्म जातीच्या यंत्रावरील लिनक्समध्ये अक्षर उणे होत नाही, आणि तीच आज्ञावली तिथे न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकते. खूण पूर्णांकाच्या प्रकारात ठेवावी, म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पाऊस मोजणारी आज्ञावली कोसळली तर कोणाचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. आपलीच आज्ञावली आपणच, आपल्याच अधिकारात चालवतो तोवर आपण फार तर आपलेच नुकसान करू. खेळ पालटतो तो चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठी वाचणारा यांच्या अधिकारात फरक पडला की. लिनक्स, युनिक्स यांच्यावर काही आज्ञावल्या अशा असतात, की त्या कोणीही चालवल्या तरी ‘रूट’च्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकाराने चालतात. त्या तहसीलदाराच्या शिक्क्यासारख्या समजा. चिठ्ठी वाचण्यात त्यांनी केलेली चूक म्हणजे कोऱ्या कागदावर मारलेला शिक्का.

अशीच एक आज्ञावली ‘पीके-एक्झेक’. ज्याला परवानगी आहे त्याला एखादे काम रूटच्या अधिकाराने करू देणे हा तिचा उद्योग. ती मे २००९ मध्ये आली आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रमुख लिनक्स वितरणांत जाऊन बसली. २५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले, की यंत्रावर साधे खाते असलेला कोणीही माणूस या आज्ञावलीच्या साहाय्याने क्षणार्धात रूट होऊ शकतो. दोष पहिल्या आवृत्तीपासून होता, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ. त्याला ‘पॉनकिट’ असे नाव पडले. क्वालिस ही अमेरिकेतली कंपनी, पण पुण्यात तिचे मोठे केंद्र आहे, आणि हा दोष जाहीर झाला तेव्हा तिचे प्रमुख होते पुणे विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले सुमेध ठाकर.

दोष समजायला सोपा आहे, म्हणून तो नीट पाहू. पीके-एक्झेकने आपली यादी वाचायला पहिल्या जागेपासून सुरुवात केली. शून्याव्या जागी आपले नाव असणारच, ते कशाला वाचा? पण प्रमाणग्रंथ असे कोठेही म्हणत नाही. आर्गसी ही संख्या उणे नसेल, एवढेच तो सांगतो. ती शून्य असू शकते! शेलमधून चालवताना असे कधी होत नाही, कारण शेल नाव घालतोच. मात्र एक आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीला ‘एक्झेक-व्हीई’ या मार्गाने सुरू करते तेव्हा तिला पूर्ण कोरी यादी देता येत असे. कोरी चिठ्ठी! मग शून्याव्या जागीच नल, आणि पहिली जागा यादीच्या बाहेर.

बाहेर काय असते? लिनक्समध्ये आर्गव्हीची यादी संपली की तिला लागूनच दुसरी यादी असते, ‘परिसरा’ची. वापरणाऱ्याची भाषा कोणती, आज्ञावल्या कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या, अशी माहिती तिच्यात असते. म्हणजे पीके-एक्झेकने आपल्या चिठ्ठीची पहिली ओळ म्हणून वाचली ती शेजारच्या चिठ्ठीची सुरुवात. इथवर आपला किराणा दुकानातला तिसरा नोकरच झाला. पण याने त्यापुढची पायरी गाठली. वाचलेल्या नावाचा पूर्ण पत्ता शोधून काढून तो त्याने त्याच जागी परत लिहिला, म्हणजे शेजारच्या चिठ्ठीत खाडाखोड केली.

या खाडाखोडीने असे काय बिघडले? रूटच्या अधिकाराची आज्ञावली सुरू होताना तिच्या परिसराच्या यादीतून धोकादायक नोंदी आधीच गाळून टाकल्या जातात. साहाय्यक ग्रंथालये कोठून आणावीत हे सांगणाऱ्या काही नोंदी त्यांत असतात. त्या परक्याच्या हाती असून चालणार नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने झडती घेऊन सुरा काढून घेतला आणि आत गेल्यावर घरच्याच माणसाने तो पाहुण्याच्या हाती परत दिला, असे इथे घडले. पीके-एक्झेकच्या स्वतःच्या लेखणीने ती गाळलेली नोंद पुन्हा यादीत आली. पुढे चुकीचा संदेश छापण्यासाठी अक्षरसंच बदलण्याची वेळ आली, तेव्हा त्या नोंदीप्रमाणे हल्लेखोराने ठेवलेले ग्रंथालय उघडले गेले, आणि तेही रूटच्या अधिकाराने. ‘तुकडे एकापेक्षा कमी असतील तर थांब’ एवढी एक ओळ असती तर यातले काहीच झाले नसते. पुढे लिनक्सच्या गाभ्यातच, ५.१८ या आवृत्तीपासून, अशी सुधारणा झाली, की कोणी कोरी यादी दिलीच तर गाभा तिच्यात एक रिकामा तुकडा आपण होऊन घालतो. ओपन-बीएसडी ही कार्यप्रणाली तर कोरी यादी आधीपासूनच नाकारत होती.

याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, २६ जानेवारी २०२१ ला, याच क्वालिसने ‘सुडो’ या त्याहून प्रसिद्ध आज्ञावलीतला असाच एक दोष उजेडात आणला होता. तो जुलै २०११ मध्ये शिरला होता. तुकड्यात उलटी तिरपी रेघ दिसली की ती गाळायची आणि पुढचे अक्षर जसेच्या तसे उचलायचे, असा नियम तिथे होता. रेघ तुकड्याच्या अगदी शेवटी असली तर? पुढचे ‘अक्षर’ म्हणजे अंत दाखवणारे शून्य. सुडोने तेही उचलले, ओलांडले, आणि पुढचे जे काही स्मृतीत पडले होते ते मोजून ठेवलेल्या जागेबाहेर उतरवत सुटली. एरवी असा तुकडा तिथवर पोचतच नसे, कारण सुडोचाच आधीचा भाग प्रत्येक विशेष चिन्हाची व्यवस्था लावून ठेवी. पण ‘सुडोएडिट’ या नावाने आज्ञावली चालवून तिला ‘-एस’ हा पर्याय दिला, तर तो आधीचा भाग वगळला जाई आणि नंतरचा मात्र चाले. वास्तविक या दोन गोष्टींनी एकत्र यायचे कारणच नव्हते, आणि म्हणूनच कोणी त्यांना एकत्र पाहिलेही नव्हते.

आणखी एक जुनी गोष्ट. १९९४ साली आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर दूरच्या यंत्रात शिरताना वापरणाऱ्याचे नाव म्हणून कोणी ‘-एफरूट’ असे सांगितले की सांकेतिक शब्द न विचारताच रूट म्हणून प्रवेश मिळे. नाव घेणारी आज्ञावली ते नाव जसेच्या तसे ‘लॉगिन’ या दुसऱ्या आज्ञावलीला देई. आणि लॉगिनला ‘-एफ’ म्हणजे ‘याची ओळख पटली आहे, विचारू नका’ असा पर्याय ठाऊक होता. पाहुण्याने सांगितलेले नावच हुकूम ठरले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. पण २००७ मध्ये सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये टेलनेटच्या वाटेने अगदी हेच घडले. यावर युनिक्समध्ये एक साधा संकेत आहे: नुसत्या दोन आडव्या रेघांचा तुकडा आला की पर्याय संपले, यापुढे रेघेने सुरू होणारे काही आले तरी ते साधे मूल्य समजावे. दुसऱ्याने दिलेले नाव कोणत्याही आज्ञावलीला पुढे देताना आधी हा तुकडा घालावा.

तेच प्रिंटएफचे. आलेला तुकडा छापायचा तर तो मूल्य म्हणून द्यावा, छपाईचा नमुना म्हणून कधीच देऊ नये. नाहीतर त्यातल्या टक्क्याच्या खुणा हुकूम होऊन बसतात.

आता करून पाहण्याजोगे. एक चार ओळींची आज्ञावली लिहा: आर्गसी छापा आणि मग आर्गव्हीतला प्रत्येक तुकडा चौकटी कंसांत घालून वेगळ्या ओळीवर छापा. कंस विसरू नका, म्हणजे रिकामा तुकडाही दिसेल. तिला सिंदखेड राजा एकदा अवतरणांशिवाय आणि एकदा अवतरणांत द्या. नुसती दोन अवतरणचिन्हे द्या. मग पावसाच्या आज्ञावलीत मुद्दाम दहा बाइटांची जागा ठेवून तिला संग्रामपूर द्या; आधी नेहमीसारखे संकलन करून, आणि मग जीसीसी संकलकाला ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हा पर्याय देऊन. पहिल्या खेपेला जो अकरावा बाइट बिनबोभाट निसटतो, तो दुसऱ्या खेपेला कोणत्या ओळीवर निसटला याचा पत्ता यंत्र छापून देते; त्यासाठी ‘-जी’ हा पर्यायही जोडीला द्या.

शेवटी एका रिकाम्या फोल्डरमध्ये दोन-तीन फाइली करा आणि त्यांतल्या एकीचे नाव ‘-डी’ ठेवा. (ती करायला थोडी खटपट पडेल, ती का पडते तेही पाहा.) मग तुकडे छापणाऱ्या आपल्या आज्ञावलीला नुसता तारा, म्हणजे गुणाकाराची फुली, देऊन चालवा. तारा तिच्यापर्यंत पोचतो का? न पोचल्यास त्याच्या जागी काय पोचते, आणि ‘पाऊस’ला तोच तारा दिला असता तर तिने त्यातल्या कोणत्या तुकड्याला पर्याय मानले असते, हे वहीत लिहून ठेवा.